आठ चित्रांतला उजवा हात

प्रिय टाचण्या,

हे पत्र कागदावर लिहून पोस्टाने पाठवतेय म्हणून लगेच घाबरू नकोस. मेल केली नाही, कारण तू माझ्या मेलमधलं चित्र तेवढं उघडतोस आणि मजकुराकडे ढुंकूनही बघत नाहीस. पुराव्यानिशी सांगते. मागच्या खेपेला चित्राखाली मी चांगल्या सहा ओळी लिहिल्या होत्या. उत्तर काय आलं, तर त्याच चित्रावर लाल गोल आणि शेजारी, 'ताई, उजवा हात अजून हलत नाहीये.' फोन करावा, तर 'बाबा' हा शब्द कानावर पडला की तुझी रेंज जाते. कागदाची रेंज जात नाही. तेव्हा आता खुर्चीत बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच उठून कॉफी करायला जायचं नाही.

आधी मला पोटभर भांडू दे. छापखाना बंद पडला आणि वीस वर्षं लेबलं काढणारी तुझी बहीण घरी बसली, तेव्हा तू मला तुझ्या गेमसाठी माणसं काढायचं काम दिलंस, हे मी विसरलेले नाही. पण मी जन्मात माणूस काढला नव्हता रे. मी साबणाचा फेस काढला, सरबताच्या बाटलीवरची संत्री काढली, अगरबत्तीच्या पुड्यावरचे गुलाब काढले. बत्तीस चौकोन, तुझ्या भाषेत पिक्सेल, एवढ्या उंचीचा माणूस, त्यात काय एवढं, असं मला वाटलं. उशीच्या अभ्र्यावर भरलेलं फूलसुद्धा त्याहून मोठं असतं. मग तू ते जाडजूड पुस्तक पाठवलंस आणि सोबत चिठ्ठी, की लहान काढायचा असेल तर आधी मोठा माणूस आतून माहीत हवा. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो कातडी सोललेला माणूस उताणा पडलेला असतो. शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या, त्यांनी नेमकं मांडीच्या स्नायूंचं पान बघितलं आणि साखर न घेताच गेल्या. परवा जिन्यात भेटल्या, तर माझी तब्येत बरी आहे ना म्हणून विचारत होत्या.

शिकले मात्र. एका पायावर भार देऊन उभं राहिलं, की त्या बाजूचा खुबा वर चढतो आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो, हे सेहेचाळीस वर्षं दोन पायांवर उभं राहूनही मला ठाऊक नव्हतं. आता बँकेच्या रांगेत उभी असले तरी पुढच्या माणसाचे खुबे बघते. एक गृहस्थ माझी नजर ओळखून रांग सोडून गेले. कोपर कमरेशी येतं, बोटं अर्ध्या मांडीपर्यंत पोचतात, मान सरळ खांद्यांवर बसत नाही, जरा पुढे झुकते. हे सगळं पाठ करून झालं, की तू म्हणणार, आता यातलं बत्तीस चौकोनांत मावेल तेवढंच ठेव. म्हणजे आधी पोतंभर शिकायचं आणि मग चिमूटभर वापरायचं. गुडघ्याला एक चौकोन, कोपराला तोही नाही. एक चौकोन इकडचा तिकडे झाला की तरुण माणूस म्हातारा होतो आणि दमलेला माणूस उर्मट दिसायला लागतो. त्यात डोकं दहा चौकोनांचं. मी तक्रार केली तर तू म्हणालास, छोट्या चित्रात डोकं मोठंच लागतं. बरोबर आहे. तू लहानपणी तसाच होतास, काडीसारखं अंग आणि वर हे एवढं डोकं, म्हणून तर बाबांनी तुझं नाव टाचणी ठेवलं.

तुझा एक धडा मला मनापासून आवडला होता, तेही सांगून टाकते. तुझ्या गेममधल्या शिंप्याचं माझं पहिलं चित्र, त्याला मी हसवायला बघत होते. दोन चौकोन डोळ्यांचे, दोन तोंडाचे. तोंड रुंद केलं तर मिशी वाटायची, वर वळवलं तर दात दुखतायत असं वाटायचं. दोन दिवस मी त्या दोन चौकोनांशी झटापट केली. मग तू लिहिलंस, की ताई, एवढ्याशा चेहऱ्यात हसू मावत नाही, ते खांद्यांत काढ. एक चौकोन वर, एक चौकोन खाली, पुन्हा वर. मी काढलं आणि तो चिमुकला माणूस खरोखर हसायला लागला. तोंड तसंच, मख्ख. त्या दिवशी तुझ्यावरचा माझा राग पाऊण दिवस गेला होता.

पण मॉडेल म्हणून बाबांनाच उभं कर, ही तुझी अक्कल. का, तर घरात आयता माणूस आहे. वर म्हणालास, गेममधला शिंपी म्हणजे कुठलाही म्हातारा शिंपी. कुठल्याही म्हाताऱ्या शिंप्याच्या जाकिटाला डाव्या बाजूला दोन खिसे नसतात रे, एक टेपचा आणि एक खडूचा, तसे बाबांच्याच असतात. मी तेव्हा काही बोलले नाही, आता बोलते. आणि तू ज्यांना उभं करायला सांगितलंस, त्यांनी माझ्या अक्षरशः नाकी नऊ आणले आहेत. उभं राहा म्हटलं की माप द्यायला उभं राहिल्यासारखे उभे राहतात. मी टेप घेऊन खांद्यापासून कोपरापर्यंत मोजायला गेले, तर टेप माझ्या हातातून काढून घेतली, 'अशी नाही धरायची,' म्हणाले आणि माझंच माप घेऊन मोकळे झाले. पुस्तकाशी त्यांचं रोज भांडण. त्यातला माणूस दोन्ही बाजूंनी सारखा आहे, यावरच त्यांचा आक्षेप. म्हणाले, 'पन्नास वर्षांत असा माणूस माझ्या दुकानाची पायरी चढला नाही. एक खांदा पडलेला असतोच. तो कोटात लपवायचा, हेच तर आमचं काम.' माझ्या चित्रातल्या शिंप्याचा मुंढा नीट बसला नाही, बाही खांद्याशी ओढतेय, हेही ऐकून घेतलं. टाचण्या, तो मुंढा दोन चौकोनांचा आहे.

त्यांच्यावर मी ओरडलेही आहे, लपवत नाही. मापं वहीत उतरवून द्या म्हटलं, तर इतक्या बारीक आकड्यांत लिहिली की मला भिंग आणावं लागलं, आणि ओळीच्या शेवटी तर आकडे मुंग्यांएवढे. मी म्हटलं, तुम्हालाही पिक्सेलची लागण झाली का? बटणांची काजं करणं त्यांनी गेल्या वर्षीच सोडलं, दुसऱ्याकडे पाठवतात. विचारलं तर म्हणे डोळे. डोळे तपासून आणले, तर डोळे ठणठणीत. एकदा स्वयंपाकघरात त्यांना ओट्याला टेकून उभं केलं होतं, मी बाहेर कागद आणायला गेले आणि परत येते तो शेगडीवर दूध करपून घरभर वास. हे शेजारी उभे, पोझ अजिबात न बिघडवता. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, अहो, उभं राहा म्हटलं म्हणजे नाकही बंद ठेवा असं नाही.

आता तुझ्या लाल गोलांचं. चालण्याची आठ चित्रं. टाच टेकली, गुडघा वाकला, मागचा पाय पुढे आला, चवड्यावर उचलला गेला, आणि मग हेच सगळं दुसऱ्या पायाने. डावा पाय पुढे की उजवा हात पुढे, उजवा पाय पुढे की डावा हात पुढे. एवढं मलाही कळतं. मी व्हरांड्यात बाबांच्या खडूने फूटफूट अंतरावर रेघा मारल्या, फोन स्टुलावर ठेवला, त्यांना चालवलं आणि व्हिडिओ थांबवून थांबवून जे दिसलं ते काढलं. पहिल्यांदा तू लिहिलंस, उजवा हात हलवायला विसरलीस. मी पुन्हा काढलं. दुसऱ्यांदा लिहिलंस, आठही चित्रांत तोच हात चिकटवलायस, कंटाळा आला का? मी रागाने एक दिवस कॉम्प्युटर उघडला नाही आणि मग पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा लिहिलंस, 'ताई, हात आखडता घेऊ नकोस, मोकळा सोड.' आणि खाली हसरा चेहरा. मग स्वतःच डावा हात उलटा करून उजव्या बाजूला डकवलास आणि झालं म्हणून कळवलंस. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातंय? वीस वर्षांत माझ्या एका संत्र्यालाही कुणी खोटं म्हटलं नव्हतं.

आणि हाताचा विषय निघालाच आहे तर दुसरंही बोलते, जे तू फोनवर बोलू देत नाहीस. चार महिने झाले, तू बाबांशी एक शब्द बोललेला नाहीस. तेव्हा त्यांच्या वाढदिवसाला व्हिडिओ कॉल केलास, मी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला होता आणि तू मोठ्या हौसेने गेमचं पहिलं दृश्य दाखवलंस. शिंपी गिऱ्हाइकाचं माप घेतोय आणि कुत्रं टेप तोंडात धरून पळतं, शिंपी त्याच्या मागे, टेप लांबतच चाललीय. मला हसू आवरेना. तू एकदा दाखवलंस, दोनदा दाखवलंस. बाबा बघत राहिले. तू वाट बघितलीस आणि मग नेटवर्क गेलं म्हणून फोन ठेवलास. नेटवर्क गेलं नव्हतं, हे मलाही कळत होतं. नंतर मला लिहिलंस, 'त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मी दुकान सोडलं ते त्यांनी मनातून कधीच माफ केलेलं नाही. आता मी पुन्हा दाखवणार नाही.' मला तुझं पटलं होतं. मी बाबांना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, पोरगं एवढं उत्साहाने दाखवतंय, निदान तोंडदेखलं तरी हसायचं. ते काय म्हणाले ते पुढे सांगते. पण तुला हे माहीत नाही, की त्यानंतर आठ दिवस ते मला त्या दृश्याबद्दल विचारत होते. इस्त्री टेबलाच्या डाव्या बाजूला का ठेवलीय, शिंपी उजव्या हाताचा असला तर इस्त्री उजवीकडे हवी, त्याला कळव. मी म्हटलं, तुम्हीच कळवा.

तर माझा अपमान. तू हात परस्पर बदललास, तेव्हा मी ठरवलं की याच्या तोंडावर पुरावाच फेकायचा. बाबांना पुन्हा व्हरांड्यात उभं केलं आणि अकरा वेळा चालवलं. समोरून, पाठून, बाजूने. पाचव्या चित्रात उजवा हात पुढे यायला हवा, तर मी दर खेपेला नेमकी त्याच पावलाची वाट बघत होते. डावा हात चांगला लांब झुलत होता. उजवा मांडीला चिकटलेला, कोपरात जरासा वाकलेला. मला वाटलं, सवयीने खडू धरला असेल मुठीत. म्हटलं, बाबा, हातातला खडू खाली ठेवा ना, किती वेळा सांगू! ते म्हणाले, खडू कुठे आहे? मी वैतागून जवळ गेले आणि मूठ उघडायला लावली. मुठीत काहीच नव्हतं.

मग मी तो तुझा जुना व्हिडिओ शोधून काढला, सहा वर्षांपूर्वी तू दुकानात काढलेला, ज्यात बाबा शटर ओढायला जातात आणि तू मागून त्यांची नक्कल करतोस. आई हसताना ऐकू येते त्यात. मी आवाज बंद केला आणि चित्रं काढायला घेतली. तेव्हाचा उजवा हात पुढे चार चौकोन, मागे तीन. आत्ताचा पुढे शून्य, मागे शून्य. पाऊलही तेव्हा सहा चौकोनांचं होतं, आता साडेचार भरतं, आणि अर्धा चौकोन काढता येत नाही म्हणून मी ते पाच केलं होतं. दोन्ही चालणारे बाबा मी एकाखाली एक लावले आणि बराच वेळ बघत बसले. भांडण जिंकले होते, टाचण्या, आणि मला काहीही बरं वाटत नव्हतं.

मान आखडलीय ना तुमची, दाखवून येऊ, असं सांगून गेल्या मंगळवारी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी बाबांना बाहेरच्या लांब व्हरांड्यात चालवलं आणि स्वतः मागे उभ्या राहून नेमकी तीच जागा बघितली, जिथे तू लाल गोल काढला होतास. मग अंगठ्यावर बोट पटापट आपटायला लावलं. डाव्याने जमलं, उजव्याने चार वेळा आपटलं आणि मंदावलं. एकच वाक्य तीनदा लिहायला लावलं, तर तिसरं वाक्य मुंग्यांएवढं. वास येतो का, असं विचारलं आणि मला ते दूध आठवलं. मी तिथेच मान खाली घातली. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, म्हणाल्या. मी त्यांच्याशीही वाद घातला, म्हटलं, यांचा हात कुठे कापतोय? पन्नास वर्षं सुईत दोरा ओवणारा हात आहे तो. त्या म्हणाल्या, सगळ्यांचा कापतोच असं नाही, काहींचा आधी नुसता मंदावतो. गोळ्या सुरू झाल्यात, व्यायाम दिलेत, त्यात हात झुलवत चालणंही आहे. पुष्कळ वर्षं चांगलं राहता येतं, असं म्हणाल्या आणि ते त्या नुसतं धीर द्यायला म्हणत नव्हत्या. बाबा सगळं ऐकून एवढंच बोलले, की चला, म्हणजे काजांचं खापर डोळ्यांवर फोडायला नको. घरी येताना मला बजावलं, 'टाचण्याला इतक्यात सांगू नकोस. त्याचा शिंपी आधी नीट चालू दे.' मी हो म्हटलं होतं.

आणि तरी हे पत्र लिहितेय, कारण निघताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे पहिल्यापासून असेच गंभीर चेहऱ्याचे आहेत का? मी म्हटलं, नाही हो, हल्लीच जरा रागावल्यासारखे असतात. त्या म्हणाल्या, रागावलेले नसतील, चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात, आत हसू येतं पण तोंडापर्यंत पोचत नाही. जिना उतरताना मला ते आठवलं. वाढदिवसाच्या त्या दिवशी मी बाबांवर ओरडले, निदान हसायचं तरी, तेव्हा ते माझ्याकडे बघत म्हणाले होते, 'हसलो की मी.' मला वाटलं, वर तोंड करून खोटं बोलतायत. पण फोन मी धरला होता, त्यांच्या शेजारी मी बसले होते आणि मी बघितलं होतं. तुझं कुत्रं टेप घेऊन पळालं, तेव्हा बाबांचे खांदे हलत होते. वर, खाली, पुन्हा वर. मला तेव्हा ठसका लागलाय असं वाटलं. तुला दिसणं शक्यच नव्हतं, मी फोन इतका जवळ धरला होता की तुला मानेच्या खालचं काही दिसत नव्हतं. म्हणून आता उजवा हात तुझ्या मनासारखा कर नाहीतर माझ्या, मला त्याचं काही नाही. तू फक्त ये, त्यांच्यासमोर बस, तो कुत्र्याचा प्रसंग पुन्हा दाखव आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघू नकोस, खांद्यांकडे बघ.

तुझ्यावर अजूनही चिडलेली,
पण तुझीच,
ताई